माझ्या बांधावरच्या फुलांना तण म्हणू नका

प्रति,
सोलापूर जिल्ह्यात फळबागांच्या योजना राबवणारे, बागांची तपासणी करणारे आणि बागायतदारांना सल्ला देणारे सर्व अधिकारी

विषय : फळबागेत मित्रकिडींसाठी राखलेल्या फुलांच्या पट्ट्यांना ‘तण’ ठरवण्याबाबत

साहेब, मॅडम, सप्रेम नमस्कार.

सांगोला तालुक्यात माझी अडीच एकर भगव्या डाळिंबाची बाग आहे. दीड एकर जुनी, एक एकर नवी लागवड. नव्या लागवडीच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता बाकी होता, त्याची तपासणी गेल्या महिन्यात झाली. झाडं मोजली, सगळी जिवंत निघाली. ठिबक चालू होतं, अंतर बरोबर होतं. मग बांधालगतच्या अडीच फुटी पट्ट्याकडे बोट गेलं. त्यात बडीशेप फुलावर होती, झेंडू होता, चवळी पसरली होती आणि मधेमधे मुद्दाम ठेवलेली एकदांडी आणि तिळवण होती. “हे काय?” असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की मित्रकिडींसाठी, म्हणजे पिकावरच्या किडी संपवणाऱ्या कीटकांसाठी, फुलं राखली आहेत. कागदावर शेरा पडला : ‘बागेत तण. निगा असमाधानकारक. तणनाशक फवारून फोटो सादर करावेत.’ हप्ता थांबला.

तपासणीला आलेल्यांनी माझा अपमान केला नाही, उलट उन्हात तासभर फिरले. त्यांनी मला तो कागदही दाखवला. त्यावर झाडांना रकाना होता, ठिबकाला होता, कुंपणाला होता. फुलांसाठी काहीच नव्हतं. झाड सोडून बागेत जे जे हिरवं दिसेल त्याला तुमच्या कागदात एकच शब्द आहे, तण. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे आणि ती माझ्या एकटीपुरती नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं. रब्बीच्या ज्वारीत करडईचे पाटे असायचे. कडेनं काटेरी करडई असली की जनावर आत शिरत नाही आणि घरचं तेलही होतं, एवढाच त्यामागचा हिशेब. किड्यांचा विचार करून कुणी ती पेरत नव्हतं. पण तिच्या पिवळ्या-केशरी फुलांवर दिवसभर गुणगुण असायची. कुणाच्या बांधाला कारळं असायचं, कुणाच्या अंबाडी. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तरी रानात काही ना काही फुललेलं असायचं.

सासरी आले ती डाळिंबात. इथं थेंबाथेंबाचा हिशेब. दुष्काळाच्या सालात आम्ही टँकर विकत घेऊन झाडं जगवली आहेत, तेव्हा झाडाच्या वाट्याचं पाणी गवतानं प्यावं हे कुणाला पटेल? बाग आरशासारखी स्वच्छ ठेवायची, खाली नुसती माती दिसली पाहिजे, ही शिकवण त्यातूनच आली. मीही पंधरा वर्षं तशीच बाग केली. बायका लावून खुरपायची, मजूर मिळेनात तेव्हा तणनाशक मारायचं. पुढे अतिवृष्टीची सालं आली. मर आणि तेल्या हे रोग आणि खोड पोखरणारा पिनहोल बोरर यांनी आमच्या भागातल्या किती बागा जेसीबीनं उपटाव्या लागल्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझी एक एकर त्यातच गेली.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगते, म्हणजे गैरसमज नको. फुलांच्या पट्ट्यानं तेल्या जात नाही. मर थांबत नाही. खोडातला बोरर निघत नाही. तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मी बोलते आहे मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण, कोळी आणि अळ्यांच्या अंड्यांबद्दल. आमचा फवारणीचा मोठा खर्च याच किडींवर होतो.

गेल्या मृग बहारातली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेल्या फुलोऱ्याची गोष्ट. ताण तोडला, म्हणजे झाडांचं बंद ठेवलेलं पाणी पुन्हा दिलं, नवती (कोवळी पालवी) फुटली आणि आठवड्यात शेंड्यांवर मावा आला. दुकानातून औषध आणून ठेवलं होतं, गडी दुसऱ्या दिवशी येणार होता. सकाळी चहाचा कप घेऊन मी बांधाकडच्या ओळीत गेले. एका शेंड्याचं पान उलटलं तर मागे एक अळी. पाय नसलेली, हिरवट-पांढरी, सुतळीच्या तुकड्याएवढी. तिनं तोंडानं एक मावा धरला, पानावरून वर उचलला, तसाच हवेत धरून आतला रस ओढला आणि रिकामं कातडं टाकून दिलं. मग डोकं डावीउजवीकडे हलवत पुढचा शोधला. कप गार होईपर्यंत तिनं सहा संपवले. त्याच फांदीवर काही मावे फुगलेले होते, कागदासारखे कोरडे, तपकिरी, आणि पाठीवर सुईनं पाडावं तसं गोल भोक. आतून गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक बाहेर पडून गेला होता. मी फवारणी चार दिवस पुढे ढकलली. पुन्हा पाहिलं, पुन्हा ढकलली. त्या खेपेला बांधालगतच्या ओळींवर माव्यासाठी औषध मारावंच लागलं नाही. आतल्या ओळींवर मारावं लागलं, हेही सांगते.

ती अळी सिरफिड माशीची. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ही माशी हवेत एका जागी तरंगते. आमच्याकडे पोरं तिला गांधीलमाशी समजून चपलेनं मारतात. ती डंख करत नाही. अळी असताना ती मावा खाते, पण पंख फुटले की तिचं पोट फक्त फुलातल्या मधुरसावर आणि परागावर भरतं. अळ्यांवर, माव्यावर, पिठ्या ढेकणावर अंडी घालणाऱ्या बारीक परजीवी कीटकांचंही तसंच. मादीला फुलातलं गोड मिळालं तर ती जास्त दिवस जगते आणि जास्त किडींवर अंडी घालते. त्यांची तोंडं आखूड. खोल नळीच्या फुलातला रस त्यांना पोचत नाही. म्हणून उथळ, उघडी फुलं लागतात : बडीशेप, शेपू, फुलावर सोडलेली कोथिंबीर, झेंडू, एकदांडी. चवळीला तर फूल यायच्या आधीपासून फुलाबाहेरही मधुरस सुटतो, त्यावर मुंग्या आणि हे बारीक कीटक येतात.

आता आपल्या बहाराचा विचार करा. मृग धरायचा म्हणजे एप्रिल-मे ताणात. पाणी बंद, पानगळ केलेली, छाटणी झालेली. खाली तणनाशकानं जळालेली माती. त्या दोन महिन्यांत बागेत सिरफिडनं किंवा मावा खाणाऱ्या ढालकिड्यानं (ठिपक्यांच्या गोल भुंगेऱ्यानं) खायचं काय? ते मरतात नाहीतर निघून जातात. जूनमध्ये लुसलुशीत नवती येते तेव्हा मावा आणि फुलकिडे तिच्यावर पहिल्या दिवशी हजर होतात, कारण त्यांना तेवढीच लागते. मित्रकिडी परत येऊन वाढेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. त्या मधल्या काळात आपण फवारतो आणि जे परत आलेले असतात तेही मारतो. माझ्या मते आमच्या बागांची ही खरी दुखरी जागा आहे. ताणाच्या महिन्यांत बांधावर काहीतरी फुललेलं असणं म्हणूनच मोलाचं. मी बांधाला एक वेगळी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, टाकली आहे, तिला स्वतंत्र कॉक. बाग ताणात असते तेव्हा झाडांचं पाणी बंद आणि पट्ट्याला आठवड्यातून एकदा थोडंसं. उन्हाळ्यात तुळस, सब्जा आणि झेंडू तेवढ्यावर टिकतात. योजनेच्या नकाशात ही लॅटरल नव्हती, म्हणून तिच्यावरही प्रश्न विचारला गेला.

तुमच्या बाजूनं जे म्हटलं जातं त्यातलं बरंच खरं आहे. तणात पिठ्या ढेकूण दडतो, ही तपासणीत मला सांगितलेली गोष्ट बरोबर आहे. गाजरगवत, पेटारी, जास्वंद, भेंडी यांच्यावर तो पोसतो, म्हणून ती मी बांधावर ठेवत नाही. गाजरगवत तर दिसलं की मुळासकट उपटते. गुळवेल आणि वासनवेल नकोत, कारण पिकल्या डाळिंबातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या त्यांवर वाढतात. एरंडी नको, तिच्यावरच्या उंटअळीचा पतंगही फळाला सोंड लावतो. मिरची नको, तिच्यावरचे फुलकिडे डाळिंबावरही येतात. चवळीवर काळा मावा भरपूर येतो आणि तो पाहून पहिल्या वर्षी शेजारचे दाजी मला रागावले होते. पण तो मावा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवर जगणारा, डाळिंबाचा मावा वेगळा. चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि तिथून बागेत जातात. झेंडूचा आणखी एक फायदा, त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांत गाठी करणारे सूक्ष्म कृमी, कमी होतात, आणि मुळांच्या गाठींनी आमच्या किती बागा खंगल्या आहेत!

म्हणजे प्रत्येक हिरवी काडी राखा असं माझं म्हणणं नाही. कोणती ठेवायची, कोणती काढायची, हे ओळखायला शिकवा. हे शिकायला मला पाच वर्षं लागली, त्यात चुका झाल्या, एका वर्षी पट्ट्यात भेंडी ठेवली आणि पिठ्याला मीच घर दिलं. हे काम शेतकऱ्यानं एकट्यानं ठेचा खात करायचं आहे का? डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या जिल्ह्यातच, केगावला आहे. करडईवर, कोरडवाहू शेतीवर सोलापुरात कितीतरी वर्षं संशोधन चालू आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपलं, माळरानावरची रानफुलं आपली. शास्त्रज्ञ आहेत, बी आहे, माळ आहे. ते एकत्र बसवायचं राहिलं आहे.

दुसरी तक्रार सल्ल्याची. आमच्या मोबाइलवर संदेश येतात : अमुक दिवशी अमुक औषध, इतके मिली. कीड किती दिसली तर मारायचं, मित्रकिडी किती दिसल्या तर थांबायचं, हे मला आलेल्या एकाही संदेशात नव्हतं. फुलं उमललेली असताना सकाळी दहाला कीटकनाशक मारणारी माणसं मी दर बहारात बघते. संध्याकाळी माश्या परतल्यावर मारा, एवढं वाक्यसुद्धा त्या संदेशात घालता येईल. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर मधमाश्यांसाठी बंद केला. आपली फळं तिकडे जायची तर अनारनेटवर (निर्यातीच्या डाळिंबबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नोंद आणि औषधाच्या अंशाची तपासणी चुकत नाही. अंश जास्त निघाला की नुकसान आमचं. मग एक-दोन फवारण्या कमी करणारी गोष्ट तपासणीत आमच्या विरोधात का धरली जाते?

तिसरी, मधमाश्यांच्या पेट्यांची. पेट्या ठेवा म्हणून आता सगळेच सांगतात आणि ते चांगलं आहे. डाळिंबाचं फूल स्वतःच्या परागावरही धरतं, पण माशी फिरली की सेटिंग (फळधारणा) सुधारतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण पेटी डाळिंबाच्या फुलापुरती महिनाभर कामाची. पुढे माशीनं खायचं काय? आमच्या शिवारात भाड्यानं आणलेल्या पेट्या बहार संपल्यावर साखरेच्या पाण्यावर जगवलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि पेटीत न राहणाऱ्या माश्या वेगळ्याच : फांदीवर एकच पोळं करणारी फुलोरी, आग्या, वाळक्या लाकडाला भोक पाडून राहणारा काळा भुंगा. त्यांना ना पेटी लागते ना भाडं. त्यांना वर्षभर थोडी फुलं आणि न नांगरलेला बांध हवा असतो.

पट्ट्यातली फुलं डाळिंबावरच्या माश्या ओढून घेतील, अशी एक शंका मला नेहमी विचारली जाते. मलाही ती होती. म्हणून कळी उमलायला लागली की मी पट्टा वीतभर ठेवून कापते, पण एका वेळी अर्धाच, उरलेला पंधरा दिवसांनी. इंग्लंडमध्ये चेरीच्या बागांत ओळींमधे रानफुलं पेरून शास्त्रज्ञांनी काही वर्षं अभ्यास केला. त्यात काही पट्टे पूर्ण वाढू दिले आणि काही वेळोवेळी वीस सेंटिमीटरवर कापत ठेवले. कापलेल्या पट्ट्यांतही मित्रकिडी वाढल्या. म्हणजे बागेत फिरायला, फवारायला अडचण न होता हे जमतं. वाण त्यांचे वेगळे, हवा वेगळी, त्यांची बी-यादी इथं जशीच्या तशी चालणार नाही. पद्धत मात्र तपासून घेण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर १९९० च्या दशकापासून सरकारी मदत हवी असेल तर शेतकऱ्याला जमिनीचा साधारण सात टक्के भाग अशा निसर्गपट्ट्यांखाली ठेवावा लागतो. तिथं फुलं असणं ही अनुदानाची अट आहे, आणि माझं अनुदान फुलं आहेत म्हणून थांबलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २०१० च्या सुमारास पपईवर पिठ्या ढेकूण आला तेव्हाचं आठवा. पांढऱ्या कापसानं झाडं झाकली, औषधं मारून माणसं थकली. शेवटी बाहेरून आणलेला ॲसेरोफॅगस नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा कीटक सोडला आणि काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. ते काम सरकारी संशोधन संस्थांनी केलं, म्हणजे तुमच्याच खात्यांच्या माणसांना या गोष्टीची ताकद माहीत आहे. आणि शेतकऱ्याच्या नजरेचं मोल या जिल्ह्याला नवीन नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाचे ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण आपल्याच मळ्यात निवडून काढले. सोलापूर, नानासाहेब, काळे, यावरूनच ‘सोनाका’ हे नाव. बांधावर उभं राहून बघणाऱ्या माणसाचं म्हणणं एकदा तपासून पाहावं, एवढं मी मागते आहे.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

तपासणीच्या नमुन्यात ‘मित्रकिडींसाठी फुलांचा पट्टा’ असा स्वतंत्र रकाना घाला. पट्ट्याची रुंदी, त्यातल्या वनस्पती आणि नको असलेली तणं काढली आहेत का, हे तिथं नोंदवा. तो रकाना येईपर्यंत केवळ अशा पट्ट्यामुळे कुणाचाही हप्ता अडवू नका. माझ्या बागेची फेरतपासणी करा. पट्ट्यात गाजरगवत किंवा पेटारी सापडली तर शेरा जरूर मारा, मी सही करीन. तणनाशक मारून फोटो पाठवायला मात्र मी तयार नाही.

सोलापूरच्या हवेपाण्याची एक यादी करा : डाळिंब, द्राक्ष, सीताफळ आणि बोरासाठी बांधावर काय ठेवायचं आणि काय अजिबात नको. एका पानाची, फोटोसकट, मराठीत. ती ग्रामपंचायतीत आणि औषधाच्या दुकानात लावा. औषधाच्या दुकानात विशेष करून, कारण आम्ही सल्ला घ्यायला पहिल्यांदा तिथंच जातो.

ठिबकच्या मंजूर आराखड्यात बांधासाठी एका लॅटरलला परवानगी द्या. दोनशे फुटांच्या नळीचा खर्च आम्ही करू, फक्त तिला नियमबाह्य ठरवू नका. बियाण्याच्या मिनिकिटमध्ये बडीशेप, शेपू, चवळी, झेंडू, करडई, कारळं यांची छोटी पुडी घाला.

हॉर्टसॅप या फळबागांवरच्या किडींच्या सरकारी सर्वेक्षणासाठी बागांत किडी मोजायला माणसं येतातच. माव्यासोबत ढालकिडे, सिरफिडच्या अळ्या, क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची अंडी प्रत्येक वेळी मोजून घ्या आणि ते आकडे सल्ल्यात छापा. दोन्ही आकडे शेजारी दिसले की शेतकरी स्वतःच ठरवेल, आज पंप काढायचा की थांबायचं.

आणि प्रत्येक तालुक्यात निदान दोन बागांत तीन वर्षं शास्त्रीय चाचणी घ्या, एक पट्ट्याची, एक बिनपट्ट्याची, खर्चाच्या वहीसकट. माझी बाग मी त्यासाठी मोफत देते. तीन वर्षांनी पट्टा फायद्याचा नाही असं निघालं, तर तेही जाहीर करा, मी मान्य करीन. माझा अनुभव एका बागेचा आहे. त्यावर सगळ्या जिल्ह्यानं विसंबावं असं मी म्हणणार नाही, पण म्हणून तो तणनाशकाखाली घालवायचा हे मला पटत नाही.

फेरतपासणीला येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या. ऊन चढलं की सिरफिड माशी सावलीत जाते आणि मग पट्ट्यात नुसता पाला दिसतो. सोबत भिंग आणा, नसलं तर माझ्याकडे आहे. बडीशेपेच्या ओळीपासून सुरुवात करू, तिथं पानं उलटायला खाली बसावं लागतं, म्हणून गोणपाट अंथरून ठेवीन.

आपली विश्वासू,
सांगोला तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार